घरचे पाणी आणि गावचे पाणी

तुळजापुरास येणारा यात्रेकरू महाद्वारातून पायऱ्या उतरून आत गेला, म्हणजे देवीच्या आधी पाण्यापाशी जातो. कल्लोळ तीर्थात अथवा गोमुख तीर्थात हातपाय धुवावे, पाणी मस्तकी लावावे आणि मग दर्शनास जावे, असा येथला पूर्वापार परिपाठ आहे. त्या पाण्यास आज कोणी धनी नाही, आणि कोणी किती ओंजळी घेतल्या याचा हिशेबही कोणी ठेवीत नाही. तोच यात्रेकरू बाहेर येऊन पुजाऱ्याच्या वाड्यात, धर्मशाळेत किंवा लॉजमध्ये उतरतो, तेव्हा तो जे पाणी पितो व ज्याने स्नान करितो, त्यास मात्र बहुधा धनी असतो. कोठे ते घरमालकाच्या बोअरचे असते, कोठे विकत घेतलेल्या टँकरचे, कोठे वीस लिटरांच्या जारचे. गावाचे पाणी मागे पडून घराघराचे पाणी पुढे आले, ही गोष्ट गेल्या पन्नास वर्षांत इतक्या सावकाश घडली की, तिची म्हणावी तशी चर्चा झालीच नाही. ती आज आम्ही करू इच्छितो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्यास आपण घरचे पाणी म्हणतो, ते वस्तुतः गावचेच पाणी असते. ज्याची ऐपत होती त्याने ते आधी उचलले, एवढाच त्याच्यात व शेजाऱ्यात भेद. अशी सोय करणाराने अपराध केला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या सोयीचा काही भार दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, हे त्याने ओळखले पाहिजे, आणि ओळखल्यावर काही कर्तव्य पत्करले पाहिजे.

प्रथम जागेचा विचार करू. तुळजापूर हे बालाघाटाच्या माथ्यावर, डोंगराच्या कडेस वसलेले आहे. सोलापुराहून येणारास घाट चढावा लागतो, तो याच कारणाने. धाराशिव जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाचा एक भाग तेरणा-मांजऱ्याच्या वाटेने गोदावरीस मिळतो, दुसरा सीना-बोरीच्या वाटेने भीमेस व पुढे कृष्णेस जातो; या दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा म्हणजे बालाघाट. नदीकाठच्या गावास वरच्या मुलखाचे पाणी आयते मिळते. माथ्यावरच्या गावास वरून येणारे असे काही नसते. आकाशातून पडेल तेवढे आपले, आणि तेही उताराने निघून जावयास टपलेले. खालच्या धरणातून पाणी आणावयाचे तर ते विजेच्या बळावर चढवावे लागते. वीज गेली, पंप बिघडला किंवा वाटेत जलवाहिनी फुटली, की नळ कोरडा. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरांच्या आगेमागे पडतो. पण सरासरी हा शब्द मराठवाड्यात फार फसवा आहे. एका वर्षी ओढ्यांना पूर यावा आणि दुसऱ्या वर्षी पेरणीपुरतीही ओल नसावी, हाच येथला नेहमीचा अनुभव होय.

जमिनीवर जशी कंजुषी, तशीच जमिनीखाली. या मुलखाचा पाया म्हणजे काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट. वाळूच्या थरात जसे पाणी सर्वत्र भरून राहते, तसे या दगडात राहत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या खडकांतील भेगा, एवढ्यांतच काय ते पाणी साठते. त्याखाली दगड भरीव असतो. म्हणून एका आळीत एका बोअरास भरपूर पाणी लागावे आणि दहा हातांवर दुसरा कोरडा जावा, असे येथे घडते. लोक त्यास नशीब म्हणतात व पाणाड्याच्या नारळावर विश्वास ठेवितात. परंतु ज्या दोन बोअरांस पाणी लागले ते पुष्कळदा एकाच भेगेतून पीत असतात, आणि ज्याची मोटार अधिक बळाची व ज्याची खोली अधिक, तो दुसऱ्याच्या तोंडचे पाणी पळवितो, ही गोष्ट नशिबाची नव्हे. तिचे कारण डोळ्यांस दिसत नाही, एवढ्याचमुळे त्या दोन शेजाऱ्यांत भांडण होत नाही.

पूर्वीच्या लोकांस या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. याच तालुक्यातील नळदुर्गास १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. तो पाहावयास आजही लोक लांबून येतात. गावोगावच्या बारवा आणि कुंडेही त्याच जाणिवेने बांधली गेली. तथापि जुन्या काळचे सर्वच चांगले होते, असे म्हणणारांपैकी आम्ही नव्हे. जुन्या सधन वाड्यातून स्वतःचा आड असे, आणि गावाच्या विहिरीवर कोणी चढावे व कोणी चढू नये याचे नियम जातीने ठरविलेले असत. ज्यांच्या वस्तीत आड नव्हता आणि ज्यांस गावविहिरीची बंदी होती, त्यांच्या बायकांस दुसऱ्याने वरून पाणी ओतीपर्यंत घागर घेऊन तिष्ठत बसावे लागे. घरचे पाणी आणि गावचे पाणी हा भेद तेव्हाही होता, आणि त्याचा जाच तेव्हाही खालच्या माणसासच होता.

या जाचाविरुद्ध महाराष्ट्रात जो पहिला मोठा घाव पडला तो कोठे पडला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तो सरकारी तळ्यावर पडला नाही, एका खासगी घरात पडला. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. त्यांस तसे करावयास कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते. हौद त्यांचा होता, घर त्यांचे होते, आणि नको म्हणण्याचा पूर्ण अधिकार त्यांस होता. तो अधिकार त्यांनी स्वतःहून सोडला. पुढे १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला व सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत, हे तत्त्व सरकारदप्तरी नोंदले गेले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस महाडच्या चवदार तळ्यावर सहस्रावधी लोकांसह जाऊन ओंजळभर पाणी प्राशन करावे लागले, आणि तळे खासगी आहे की सार्वजनिक या वादाचा निकाल उच्च न्यायालयाकडून लागावयास १९३७ साल उजाडले. हा वाद काय होता, ते पाहा. तळे आमच्या मालकीचे आहे, असे सिद्ध करता आले असते तर दार बंद ठेविता आले असते. मालकी हाच शेवटचा आडोसा होता.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने हा आडोसा पुष्कळ अंशी मोडला. पंधराव्या अनुच्छेदाने सरकारी पैशाने राखलेल्या किंवा लोकांच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी व घाट यांवर जातीच्या कारणाने मज्जाव करण्यास बंदी घातली, सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली. परंतु ज्या विहिरीस सरकारी पैसा लागला नाही आणि जी लोकांस अर्पण केलेली नाही, ती तशीच राहिली. घटनाकारांचा हा दोष नव्हे. तेव्हा घरगुती आडास कोणी गावच्या पाणीपुरवठ्याचा भाग समजत नव्हते. आज तो आड विजेवर चालतो आणि शेकडो फूट खोल जातो. सार्वजनिक पाणवठा सर्वांस मोकळा झाला खरा, पण पाणी मात्र पाणवठा सोडून घरात गेले.

ही स्थित्यंतरे कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील उघड्या विहिरी आटल्या, आणि खडकात यंत्राने छिद्र पाडून खोल पाणी काढण्याची विद्या खेडोपाडी पोहोचली. त्या छिद्रावर बसविण्यास टिकाऊ हातपंप हवा होता. तो प्रथम जालन्यास व नंतर सोलापुरास मिशनच्या लोकांनी चालविलेल्या विहिरींच्या कामातून सिद्ध झाला, आणि त्या सोलापुरी पंपावरूनच पुढे युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार होऊन हिंदुस्थानभर व परदेशांतही गेला. तुळजापुरापासून अवघ्या ४५ किलोमीटरांवरच्या शहराचे नाव त्या पंपाच्या इतिहासात आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. आपल्या लोकांनी त्यास हापसा हे नाव दिले. हापशास कुलूप नसते. जो येईल त्याने दांडा मारावा आणि आपली घागर भरावी; हाताच्या बळापेक्षा अधिक पाणी कोणास काढता येत नाही, त्यामुळे खालचे पाणीही बेताने उपसले जाते. पुढे तेच यंत्र, तेच छिद्र आणि तोच खडक राहून दांड्याच्या जागी पाण्यात बुडणारी विजेची मोटार आली, आणि त्याबरोबर कुंपण आले. एकाच छिद्रावर दांडा बसविला तर ते गावचे होते, मोटार बसविली तर घरचे होते. विद्या एकच, तिचा स्वामी बदलला.

आता आजच्या घरगुती पाण्याच्या पायऱ्या पाहा. वरच्या पायरीवर बोअर असलेले घर. त्यास पाणी घेताना काही मोजावे लागत नाही, फक्त विजेचे बिल येते. म्हणून ते किती उपसावे यास मर्यादा उरत नाही. दुसऱ्या पायरीवर टँकर घेणारे घर. पाच हजार लिटरांचा टँकर हजार रुपयांस पडला असे धरून चाला, तर लिटरास वीस पैसे होतात. तिसऱ्या पायरीवर जारवाला. वीस लिटरांचा जार वीस रुपयांस धरला तर लिटरास एक रुपया. आणि तळाशी ते घर, ज्याच्याजवळ टाकी नाही. हातावर पोट असलेल्या मजुराच्या खोलीत पाच हजार लिटर ठेवावयाचे कोठे? म्हणून त्यास टँकरचा स्वस्त दर कधीच लागू होत नाही. तो पिंपाने किंवा घागरीने घेतो व महाग घेतो, नाही तर त्याची बायको आणि मुलगी लांबून आणितात. दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाचा अभाव नव्हे. साठविण्याच्या जागेचा अभाव हेही दारिद्र्यच, आणि पाण्याच्या बाबतीत ते सर्वांत अधिक जाचक होय.

हिशेबी वाचकांसाठी आणखी एक आकडा मांडतो. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर केलेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसास दररोज ५५ लिटर पाणी नळाने मिळावे, असे प्रमाण ठरविले. पाच माणसांच्या घरास या प्रमाणाने वर्षास सुमारे एक लाख लिटर लागतात. हे सर्व पाणी वरील जारच्या दराने घ्यावयाचे म्हटले तर वर्षास एक लाख रुपये होतील. अर्थात कोणी तसे घेत नाही. पिण्यापुरता जार आणतात आणि बाकीची गरज मारतात. ही मारलेली गरज कोठे दिसते? ती न धुतलेल्या हातांत, अतिसारात आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीच्या हजेरीपटात दिसते. शिवाय नळ चार-आठ दिवसांनी येऊ लागला की जो तो हाती लागेल त्या भांड्यात पाणी साठवितो, आणि डेंग्यूचा डास अशाच साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हा डास मग बोअरवाल्याचे घर व बिनबोअरवाल्याचे घर असा भेद पाहत नाही.

जारच्या शुद्धतेविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बाटलीबंद पाणी विकणारास अन्नसुरक्षा खात्याचा परवाना लागतो. गार पाण्याचा उघड्या बुचाचा जार बहुधा मोहोरबंद नसतो, म्हणून तो या नियमांच्या जाळ्यातून निसटतो. त्यातले पाणी कोणत्या बोअरचे, ते शेवटी कधी तपासले, हे घेणारा विचारीत नाही आणि देणारा सांगत नाही. पाणी गार आहे म्हणून ते शुद्ध आहे, असा समज झाला आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय प्रमाण आयएस १०५०० या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. त्यात विरघळलेले क्षार लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानले आहेत व नायट्रेटची सीमा ४५ मिलिग्रॅम ठरविली आहे. या दोन आकड्यांची पाटी प्रत्येक विक्रीकेंद्रावर लागावी, एवढी मागणी करणे म्हणजे व्यापाराचा द्वेष करणे नव्हे. घरोघर बसविलेली शुद्धीकरणाची यंत्रेही सामान्यतः जेवढे शुद्ध पाणी देतात त्याहून अधिक मोरीत सोडतात. दुष्काळी गावात हे मोरीत सोडलेले पाणी निदान भांडी घासण्यास किंवा फरशी पुसण्यास वापरावे, इतका विवेक हवा.

येथे कोणी म्हणेल, ‘बोअर मी माझ्या पैशाने घेतला, मोटार मी बसविली, वीज मी भरतो, मग पाणी माझे का नव्हे?’ या प्रश्नाच्या पाठीमागे कायदाही आहे. ईझमेंटचा म्हणून जो १८८२ चा कायदा आहे, त्यातील सातव्या कलमाच्या उदाहरणांत असे म्हटले आहे की, निश्चित पात्रातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क जमिनीच्या मालकास आहे. हा नियम लिहिला गेला तेव्हा पाणी काढण्याचे साधन मोट होते. बैलाच्या ताकदीने जेवढे निघे तेवढ्याने शेजाऱ्याची विहीर क्वचितच आटे. आज मोटार आली, पण नियम मोटेच्याच काळात राहिला. शिवाय ज्याचा पैसा घातला त्याची मालकी, असे म्हणावयाचे तर पैसा छिद्रास आणि मोटारीस घातला आहे. पाण्यास कोणी पैसा घातलेला नाही. ते पाऊस होऊन शेजाऱ्याच्या पडीत, रस्त्यावर, टेकडीवर पडले व भेगांतून वाहत येऊन या छिद्रात उतरले.

महाराष्ट्र सरकारास ही गोष्ट उमगली नाही असेही नाही. १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर काढण्यास मनाई केली, आणि टंचाईच्या दिवसांत आजूबाजूच्या विहिरींच्या उपशास आळा घालण्याचा अधिकार दिला. त्यापुढचा कायदा २००९ साली मंजूर झाला व २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटरांहून खोल गेलेल्या विहिरीस खोल विहीर ठरविले असून विंधनयंत्रे चालविणारांनी नोंदणी करावी असे सांगितले आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांस थोडे कमी. वाचकहो, आपल्या आळीत अलीकडे जो बोअर झाला तो किती फुटांवर थांबला, आणि त्यासाठी कोणी कोणाची परवानगी घेतली, हे आपले आपणच आठवून पाहा. म्हणजे कायदा आणि व्यवहार यांतील अंतर कळावयास दुसऱ्या पुराव्याची गरज पडणार नाही.

परंतु घराघराच्या पाण्याने सर्वांत मोठे नुकसान झाले ते पाण्याचे नव्हे, आवाजाचे. गावात ज्यांचे म्हणणे ऐकले जाते, म्हणजे वकील, डॉक्टर, व्यापारी, पुजारी, पुढारी, त्यांच्या घरी नळ आला नाही तर पूर्वी दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेच्या दारात गर्दी होई. आज त्यांच्या घरी बोअर आहे. नळ चार दिवस न आला तरी त्यांस पत्ता नसतो. मग दारात कोण जाते? जिच्या डोक्यावर घागर आहे ती. आणि तिचे कोण ऐकणार? नळ येत नाही म्हणून बोअर घेतला, आणि बोअर घेतला म्हणून नळ न येणे सोसवू लागले, असे हे चक्र आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पिण्याच्या पाण्याची तरतूद हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. पण कर्तव्याचा तगादा लावणारा वर्गच दाराआड गेला, तर कागदावरचे कर्तव्य किती दिवस जागे राहील?

वजनदार आवाज पाण्यामागे उभा राहिला म्हणजे काय होते, याची उदाहरणे जवळचीही आहेत आणि दूरचीही. तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराची धूळधाण केली, तेव्हा राजधानीचे दुःख दरबारास जाणवले. विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याचा सल्ला घेतला गेला, १९२० साली उस्मान सागर व १९२७ साली हिमायत सागर हे विस्तीर्ण जलाशय पुरे झाले, आणि त्यांनी पुराबरोबर राजधानीची तहानही भागविली. ज्या उस्मान अली खानाचे नाव त्या सागरास मिळाले, त्याचेच नाव आपल्या जिल्ह्यास अनेक वर्षे होते. राजधानीस सागर मिळाला, जिल्ह्यास नुसते नाव. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात पाणी खासगी कंपनीच्या हाती होते. जोसेफ चेंबरलेन हा स्वतः धनाढ्य कारखानदार. त्याच्या घरी पाण्याची वाण नव्हती. तरी महापौर झाल्यावर त्याने आग्रह धरला की, पाण्यासारखी वस्तू नफ्यासाठी असू नये, आणि १८७६ साली ती कंपनी नगराच्या मालकीची झाली. गरिबांच्या आळीतील रोगराई श्रीमंतांच्या आळीत यावयास वेळ लागत नाही, हे त्या व्यापाऱ्यास समजले होते.

आणि हे कोणास न समजले तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या लातूरने २०१६ साली दाखविले. मांजरा धरण कोरडे पडले. बोअर आटले. पाणी भरण्याच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावे लागले, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आले. त्या दिवसांत ज्याच्या घरी चारशे फुटांचा बोअर होता तोही रांगेत होता. घरचे पाणी संपल्यावर शेवटी सर्वांस गावचेच पाणी आठवते. पण तोवर गावची व्यवस्था ढिली होऊन गेलेली असते.

यावर उपाय काय? खासगी बोअर सर्व बुजवा, असा वेडगळ सल्ला आम्ही देणार नाही. नळ वेळेवर येत नाही तोवर माणसाने घराची सोय करावयाची नाही, हे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांतील पहिल्या तीन अमलात आणण्यास कोणत्याही सरकारी हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

पहिली सूचना छपराची. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी बावन्न हजार लिटर हाती येतात. पाच माणसांस पिण्यास व स्वयंपाकास दररोज चाळीस लिटर लागतात असे मानले तर वर्षाची गरज साडेचौदा हजारांच्या आसपास होते. म्हणजे पाऊस निम्मा पडला तरी गच्चीचे पाणी पिण्यास पुरून उरते. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या कोरड्या महिन्यांसाठी दहा हजार लिटरांची झाकलेली टाकी पुरे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे वाळू व कोळशाच्या गाळणीतून घ्यावे, आणि उरलेले बोअरच्या शेजारी शोषखड्ड्यात मुरवावे. माथ्यावरच्या गावास खरोखर घरचे म्हणता येईल असे पाणी हेच एक आहे. कारण ते शेजाऱ्याच्या खडकातून ओढलेले नसते.

दुसरी सूचना भिंतीची. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीस एक तोटी काढावी, आणि चैत्र-वैशाखात दिवसातून दोन तास ती उघडी ठेवावी. उन्हाळ्यात पाणपोई घालणे आणि अक्षय्य तृतीयेस उदककुंभ देणे, हे आपल्या व्यापारी वर्गाचे जुने पुण्यकर्म आहे. वाटसरूस पाणी पाजणारा हात आपल्याच पाठीमागच्या वस्तीस का विसरतो, हे आम्हांस उमगत नाही. १८६८ साली जे एका घराने धर्माच्या नावाने होणारी निंदा सोसून केले, ते आज करणारास तर कोणाची निंदाही सोसावी लागणार नाही.

तिसरी सूचना यात्रेच्या धंद्याची. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती चौतीस हजारांच्या घरात होती. आश्विनातील नवरात्रात आणि त्यापुढील पौर्णिमेस येथे लाखो लोक येतात. त्यांच्या स्नानपानावर ज्यांचा व्यवसाय चालतो त्या लॉजवाल्यांनी व भोजनगृहांनी आपल्या बोअरास मीटर बसवावे, उपशाचा आकडा दरमहा नगरपरिषदेस कळवावा, आणि जेवढे उपसले त्याच्या प्रमाणात पुनर्भरणाचे काम करून दाखवावे. धंद्याच्या भांडवलाची नोंद वहीत होते. पाणी हेही त्यांचे भांडवलच आहे.

चौथी सूचना नगरपरिषदेस. नळाचे पाणी सोडताना सर्वांत उंच आणि वाहिनीच्या शेवटच्या वस्तीस पहिला मान असावा; ज्या घरांत साठवणीची जागा नाही, त्यांच्यासाठी वस्तीत झाकणाच्या सामाईक टाक्या असाव्यात; टँकर कोठून भरला व कोठे रिता झाला याची नोंद लोकांस पाहता यावी; आणि पाणी सोडण्याचे दिवस व तपासणीचे आकडे प्रत्येक प्रभागात फलकावर लागावेत. शहरांतील प्रत्येक घरी नळ पोहोचावा म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली अमृत योजनेचा दुसरा टप्पा काढला. त्यातील पैशाचा उपयोग ज्या घरी आधीच बोअर आहे तेथून नव्हे, तर ज्या घरी घागर आहे तेथून सुरू झाला पाहिजे.

पाचवी आणि शेवटची सूचना राज्य सरकारास. २०२५ च्या मे महिन्यात अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त चौंडी येथे मंत्रिमंडळाची बैठक भरली, आणि तीत तुळजाभवानी मंदिराच्या विकासासाठी १८६५ कोटी रुपयांच्या आराखड्यास मंजुरी मिळाली. ज्या अहिल्यादेवींच्या जन्मगावी हा निर्णय झाला, त्यांची कीर्ती देवळांइतकीच त्यांनी बांधलेल्या विहिरींवर, बारवांवर व घाटांवर उभी आहे. त्या आराखड्यातील रस्ते व इमारती सुंदर होवोत. परंतु यात्रेकरूंची अंथरुणे धुणारी, भांडी घासणारी आणि नवरात्रानंतर गाव झाडून काढणारी माणसे ज्या वस्त्यांत राहतात, त्या वस्त्यांत नळ पोहोचला की नाही, यावरच लोक त्याची परीक्षा करतील.

पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ पासून मानले आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली त्यास मानवी हक्क म्हटले आहे. हक्क कागदावर आहे, कायदा कागदावर आहे, आणि खडकातले पाणी मात्र दर उन्हाळ्यास थोडे थोडे खाली जात आहे. ज्या घरास आज भरपूर पाणी आहे, त्याने ते दोन पिढ्यांस पुरेल असे समजू नये. गावाचा नळ चालू ठेवणे हे परोपकाराचे काम नसून स्वतःच्या घराचा विमा आहे. म्हणून तुळजापुरातील प्रत्येक बोअरवाल्या गृहस्थास आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी नळ चुकला तर मोटारीचे बटण दाबून स्वस्थ बसू नये. ज्या शेजारणीच्या घरी बटण नाही, तिच्या बरोबरीने नगरपरिषदेच्या दारात जावे.